डार्मश्टाट ते बर्लिन : योआखिम-एर्न्स्ट बेरेंट यांच्या मागावर

सोमवार, डार्मश्टाट

फ्रँकफुर्टच्या विमानतळापासून डार्मश्टाट फार दूर नाही, आणि जर्मन जाझ-पत्रकार योआखिम-एर्न्स्ट बेरेंट यांच्या कामाचा माग काढायचा असेल तर सुरुवात इथून करणे सोयीचे पडते. या गावाशी त्यांचा जन्माने किंवा नोकरीने काहीच संबंध नव्हता. मात्र वर्षानुवर्षे जमवलेला तबकड्यांचा, पुस्तकांचा आणि मासिकांचा आपला संग्रह त्यांनी १९८३ साली डार्मश्टाट नगरपालिकेच्या हवाली केला आणि त्याच्याच पायावर १९९० साली इथे ‘जाझइन्स्टिट्यूट’ ही संस्था उभी राहिली. शहराच्या दक्षिणेला बेसुंगेन नावाचा भाग आहे. तिथल्या संस्थानी काळातील एका वास्तूत तिचे दप्तर आहे आणि तळघरातील कमानींखाली मैफली होतात. नगरपालिकेने जाझचे दप्तर सांभाळावे, त्यासाठी पगारी माणसे नेमावीत आणि ते कोणाही वाचकाला खुले ठेवावे, याचे मला कौतुक वाटले. आपल्याकडे संगीतावरच्या मासिकांचे जुने अंक रद्दीत निघतात हे आठवून थोडा हेवाही वाटला.

वाचनाच्या टेबलावर मी सर्वांत आधी मागितले ते ‘दास जाझबुख’, म्हणजे बेरेंट यांचे १९५३ साली फिशर प्रकाशनाने स्वस्त आवृत्तीत काढलेले पुस्तक. पुढे त्याच्या नव्या, वाढवलेल्या आवृत्त्या निघत राहिल्या, अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली आणि विक्री दहा लाखांच्या पुढे गेली. पहिल्या आवृत्तीचा कागद आता पिवळा पडला आहे, पण मांडणी आजही तरतरीत वाटते. दर दशकाला एक शैली, मग मोजके थोर वादक, मग संगीताची मूलद्रव्ये, मग एकेक वाद्य, असा तो क्रम आहे. रॅगटाइमपासून निघालेला वाचक न्यू ऑर्लिन्स, शिकागो, स्विंग आणि बीबॉप अशी स्टेशने घेत आजच्या काळापर्यंत येतो. दशकांची ही विभागणी फारच सोयीची आहे, आणि इतिहास इतका शिस्तीत चालत नसतो, ही पुढच्या अभ्यासकांची तक्रार मला पटते. तरीही युद्धानंतर ज्या तरुणाला हे संगीत फक्त रेडिओवर, तेही अर्धवट, ऐकायला मिळत होते, त्याच्या हातात हे पुस्तक नकाशासारखे पडले असणार. १९३५ साली नाझी राजवटीने जर्मन रेडिओवर जाझला बंदी घातली होती, हे लक्षात घेतले की त्या नकाशाची गरज कळते.

दुपारनंतर ‘मेर्कूर’ या वैचारिक मासिकाचे १९५३ सालचे अंक पाहिले. त्या वर्षी तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांनी जाझवर एक जहाल लेख लिहिला होता. जाझमधील उत्स्फूर्तता हा देखावा आहे, तो ठोकळेबाज बाजारी माल आहे आणि ऐकणाऱ्याला बंडाचा आभास देऊन तो शेवटी त्याला रांगेत उभे करतो, असा त्यांचा एकूण रोख होता. बेरेंट तेव्हा एकतिशीत होते आणि अडोर्नो यांची कीर्ती फार मोठी होती. तरी त्यांनी त्याच मासिकात उत्तर दिले. अडोर्नो जाझ म्हणून ज्याला नावे ठेवतात ते बहुतांशी नाचगाण्याचे बाजारी संगीत आहे, खरा जाझ ते ऐकतच नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. जाझ ऐकणारा तरुण हुकूमशाहीला सहजासहजी वश होत नाही, हाही त्यांचा दावा होता. अडोर्नोंनी त्याला प्रत्युत्तर दिले आणि तर्काच्या कसरतीत ते वरचढ ठरले, असे माझे मत झाले. पण कोण कोणती तबकडी लक्ष देऊन ऐकून बोलतो आहे, हे पाहिले तर पारडे बेरेंट यांच्याकडे झुकते.

संस्थेच्या कपाटातील आणखी एका ग्रंथाचा उल्लेख करायला हवा. १९६० साली बेरेंट अमेरिकन छायाचित्रकार विल्यम क्लॅक्स्टन यांना बरोबर घेऊन अमेरिकाभर हिंडले आणि पुढच्या वर्षी ‘जाझ लाइफ’ हे पुस्तक आले. न्यू ऑर्लिन्समधली बँडच्या साथीने निघालेली अंत्ययात्रा, चर्चमधले गायक, तुरुंगातले वादक, रस्त्यावर नाचणारी मुले असे सगळे त्यात दिसते. टेबलावर बसून मत देणारा हा पत्रकार नव्हता, हे त्यावरून कळते.

मंगळवार, बाडेन-बाडेन

बाडेन-बाडेनचे रेल्वे स्टेशन गावाबाहेर ओस या भागात आहे, तिथून बसने गावात यावे लागते. गरम पाण्याचे झरे, जुगारगृह आणि श्रीमंत पाहुण्यांसाठी राखलेल्या बागा यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की युद्धात हे गाव जवळपास शाबूत राहिले, त्यामुळे फ्रेंचांनी आपल्या ताब्यातील प्रदेशाचे मुख्यालय इथे थाटले आणि १९४६ साली इथूनच ‘झ्यूडवेस्टफुंक’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याच्या उभारणीपासून बेरेंट तिथे होते, १९५० पासून जाझ विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि १९८७ साली निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली.

केंद्र टेकडीवर आहे. १९९८ मध्ये श्टुटगार्टच्या केंद्राशी विलीनीकरण झाल्यापासून ते ‘झ्यूडवेस्टरुंडफुंक’ या नावाने चालते. परवानगीवाचून आत जाता येत नाही, म्हणून मी फाटकाबाहेरच्या रस्त्याने चढत गेलो आणि झाडांमधून दिसणाऱ्या इमारती पाहून परतलो. पाहण्यासारखे तिथे विशेष काही नाही. विचार करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

एखाद्या वर्तमानपत्राच्या समीक्षकाजवळ लेखणी असते. बेरेंट यांच्याजवळ लेखणीबरोबर ध्वनिक्षेपक, स्टुडिओ, कॅमेरा आणि मानधन देण्याइतका सार्वजनिक पैसा होता. जर्मनीत अशी सार्वजनिक नभोवाणी केंद्रे मुख्यतः श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतात, जाहिरातदाराच्या मर्जीवर नाही, आणि ही सोय त्यांनी पुरेपूर वापरली. कुर्ट एडेलहागेन यांचा वाद्यवृंद १९५०च्या दशकात याच केंद्राचा होता. १९५५ पासून ‘जाझ : गेहोर्ट उंट गेझेएन’, म्हणजे ऐकलेला आणि पाहिलेला जाझ, ही दूरचित्रवाणी मालिका बेरेंट यांनी इथूनच चालवली. ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’च्या नावाने १९६२ पासून कृष्णवर्णीय ब्लूज गायकांचे जे दौरे युरोपात झाले, त्यांचे आयोजक होर्स्ट लिपमान आणि फ्रिट्झ राऊ होते, पण मूळ कल्पनेत बेरेंट यांचा वाटा होता आणि बाडेन-बाडेनच्या कॅमेऱ्यांनी त्या गायकांना टिपले. आज ती चित्रफीत पाहणाऱ्याला ते गायक हयात असतानाचे दर्शन घडते, त्याचे श्रेय या टेकडीला आहे.

१९६६ पासून त्यांनी इथे आणखी एक उपक्रम चालवला. निरनिराळ्या देशांतील नव्या वळणाच्या वादकांना काही दिवस स्टुडिओत एकत्र बोलवायचे, कार्यक्रमाचे दडपण न ठेवता वाजवू द्यायचे आणि त्यातून जे निघेल ते प्रसारित करायचे. बाजारात ज्याला गिऱ्हाईक नाही अशा संगीताला याहून चांगला आश्रय कोणता मिळणार? पण इथेच एक अडचणही आहे. कोणाला बोलवायचे हे जो ठरवतो, तोच पुढे ग्रंथात कोण मोठे हेही ठरवतो. संध्याकाळी लिख्टेनटालच्या झाडीतून चालताना हा प्रश्न मनात घोळत होता आणि पुढच्या गावांत तो अधिक टोकदार झाला.

बुधवार, फिलिंगेन

बाडेन-बाडेनहून कॉन्स्टान्सकडे जाणारी गाडी श्वार्ट्सवाल्डबान या मार्गाने जाते. १८७३ साली पूर्ण झालेला हा मार्ग अभियंता रोबेर्ट गेर्विग यांनी आखला. हॉर्नबेर्ग सोडले की गाडी डोंगराला वळसे घालू लागते, एकामागून एक बोगदे येतात आणि मघाशी शेजारी असलेले गाव थोड्या वेळाने खाली, उलट्या बाजूला दिसते. कर्जत सोडून खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या गाडीत खिडकीपाशी बसण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ही मौज वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे घाट संपल्यावर चिक्की विकायला कोणी येत नाही.

फिलिंगेन हे तटबंदीचे जुने गाव आहे. शेजारच्या श्वेनिंगेनशी १९७२ साली त्याची जोडी लावली गेली. हा सगळा प्रदेश घड्याळे आणि रेडिओ बनवणारा. इथल्या ‘साबा’ या कंपनीचे रेडिओसंच एके काळी जर्मन घराघरांत होते. कंपनीच्या मालकांपैकी हान्स गेओर्ग ब्रुनर-श्वेर यांना ध्वनिमुद्रणाचे विलक्षण वेड होते. पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांना ते आपल्या बंगल्यात बोलवत, मोजक्या पाहुण्यांसमोर मैफल होई आणि ब्रुनर-श्वेर स्वतः ध्वनिमुद्रण करत. स्वरांचा इतका जवळचा, भरीव आवाज आपल्याला दुसऱ्या कोणत्याही स्टुडिओत मिळाला नाही, अशी पीटरसन यांची भावना होती असे इथे सांगितले जाते. १९६८ मध्ये साबा अमेरिकन कंपनीकडे गेली, तेव्हा ब्रुनर-श्वेर यांनी ‘एमपीएस’, म्हणजे ‘म्युझिक प्रोडुक्त्सिओन श्वार्ट्सवाल्ड’, ही स्वतःची जाझ कंपनी काढली. तिचा स्टुडिओ गावकऱ्यांच्या संस्थेने जपून ठेवला आहे आणि आधी कळवले तर पाहता येतो.

आत शिरताना मी नकळत आवाज खाली आणला. लाकडी आच्छादनाच्या भिंती, काळा ग्रँड पियानो, काचेपलीकडचा नियंत्रण कक्ष, त्यात गोल काट्यांची मीटरे लावलेले मिश्रणयंत्र आणि रुंद फितीची यंत्रे. दाखवणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी पियानोचे झाकण उचलून ध्वनिग्राहक तारांच्या किती जवळ ठेवत असत ते हाताच्या पंजाने दाखवले. सभागृहात दूर बसलेल्या श्रोत्याला जे कधीच ऐकू येत नाही ते, म्हणजे हातोडीचा तारेवरचा स्पर्श, या मुद्रणांत ऐकू येते, आणि त्यामागचे कारण त्या पंजाएवढ्या अंतरात आहे.

मराठी माणसाने फिलिंगेनला यावे याला मात्र आणखी एक कारण आहे. बेरेंट यांनी साबासाठी जगभरच्या संगीताशी जाझची गाठ घालून देणारी एक मालिका केली. जपान, बाली, ट्युनिशिया, ब्राझील असे देश त्यात आले, आणि ऑक्टोबर १९६७ मध्ये याच गावात ‘जाझ मीट्स इंडिया’ ही तबकडी मुद्रित झाली. एका बाजूला स्विस पियानोवादिका इरेन श्वाइत्सर आणि त्यांचे साथीदार उली ट्रेप्टे व मानी नॉयमायर, शिवाय ट्रम्पेटवर मान्फ्रेड शोफ आणि सॅक्सोफोनवर बार्नी विलेन. दुसऱ्या बाजूला सतार व गायन दिवाण मोतीहार यांचे, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर आणि तबल्यावर केशव साठे. साठे मूळचे मुंबईचे, १९५०च्या दशकात ते लंडनला गेले आणि तिथे जो हॅरियट व जॉन मेयर यांच्या इंडो-जाझ प्रयोगांत त्यांचा तबला गाजला होता. महाराष्ट्रात त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, याची खंत वाटते.

या तबकडीतील एका रचनेचे नाव ‘ब्रिगाख आणि गंगा’ असे आहे. ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी नदी. स्टुडिओ पाहून झाल्यावर मी तिच्या काठी बाकावर बसलो आणि कानाला यंत्र लावून तबकडी पुन्हा पूर्ण ऐकली. नदी लहानशी, एखाद्या ओढ्याएवढी, आणि तिची गंगेशी जोडी लावणे हा थोडा विनोदही असावा. संगीताबद्दल माझे मत संमिश्र आहे. पुष्कळ ठिकाणी दोन्ही मंडळी आळीपाळीने वाजवतात, एकमेकांना मान देतात आणि बाजूला सरतात. लग्नातल्या दोन अनोळखी पक्षांइतपत सलगी होते, त्यापुढे जात नाही. पण जिथे साठ्यांचा तबला आणि नॉयमायर यांचे ड्रम एकत्र येतात, तिथे कान टवकारतात. एकाला आवर्तन मोजून समेवर यायचे आहे आणि दुसऱ्याला मोजण्याचे बंधनच नको आहे. त्या ओढाताणीत जे निघते ते ना इथले, ना तिथले, आणि म्हणून ऐकण्याजोगे आहे. राग-तालाची आस सोडून हे ऐकावे, तरच त्यातली गंमत कळते.

ही गाठ आपोआप पडलेली नव्हती. कोणी कोणाबरोबर वाजवायचे हे बेरेंट यांनी ठरवले, निर्मिती त्यांची होती, अशा अनेक तबकड्यांच्या वेष्टनांवरचा परिचयही तेच लिहीत आणि रेडिओवर ती ऐकवण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच होता. आजच्या पत्रकारितेच्या नीतिनियमांत हे बसणार नाही. पण नियम पाळणाऱ्या कोणाच्या हातून केशव साठे फिलिंगेनला आले असते, असेही मला वाटत नाही.

गुरुवार, डोनाउएशिंगेन

पुढचे स्टेशन डोनाउएशिंगेन. इथे ब्रिगाख आणि ब्रेग या नद्या मिळतात आणि डॅन्यूब सुरू होते. राजवाड्याच्या बागेत एका झऱ्याभोवती सुबक कठडा बांधून तेच उगमस्थान असल्याचे सांगितले जाते. खरा उगम कोणता यावरून गावागावांत जुना वाद आहे.

१९२१ पासून इथे आधुनिक संगीताचा महोत्सव भरतो. युद्धानंतर बाडेन-बाडेनच्या नभोवाणीचे संगीतप्रमुख हाइनरिख श्ट्रोबेल यांनी त्याला नवे बळ दिले आणि त्यांच्या छायेत बेरेंट यांनी हळूच जाझला जागा करून दिली. १९५४ साली रोल्फ लीबरमान यांची जाझवृंद आणि सिंफनी वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना इथे प्रथम सादर झाली. १९६७ च्या महोत्सवात भारतीय-युरोपीय मेळ झाला आणि त्याच वर्षी आलेक्झांडर फोन श्लिपेनबाख यांचा ‘ग्लोब युनिटी’ हा मुक्त जाझचा, म्हणजे ठरलेल्या चालीचे आणि ठेक्याचे बंधन न मानणाऱ्या जाझचा, मोठा वाद्यवृंदही वाजला. मे महिन्यात सभागृह बंद होते, गावात सायकलस्वारांची गर्दी होती. ते डॅन्यूबच्या काठाकाठाने निघालेले होते. दुपारी दोन वाजता हॉटेलच्या खोलीत परतलो आणि पुढच्या गाडीची तिकिटे पाहत बसलो.

शुक्रवार, गाडीत

बर्लिनला पोहोचायला जवळजवळ सारा दिवस गेला. वाचायला बेरेंट यांचे ‘नादब्रह्म’ घेतले होते. १९८०च्या दशकात त्यांचे मन जाझमधून बाहेर पडू लागले, रजनीशांच्या विचारांकडेही ते ओढले गेले, आणि १९८३ साली हे पुस्तक आले. पाश्चात्त्य संस्कृतीने डोळ्याला फार महत्त्व दिले, कानाला गमावले, आणि विश्व मुळात ध्वनीच आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. केप्लरचे ग्रहगणित, अणूंची कंपने, झेन आणि मंत्र या सगळ्यांना त्यांनी एका माळेत ओवले आहे. जर्मनीत हे पुस्तक खूप वाचले गेले.

मला ते जड गेले. जाझबुखमध्ये प्रत्येक विधानामागे एखादी तबकडी, एखादा वादक उभा असतो, मत पटले नाही तरी तपासून पाहता येते. इथे तसे काही हाती लागत नाही. आपल्याकडे नादाची चर्चा कीर्तनात होते, गुरूसमोर खर्ज लावताना होते, आणि तिला रोजच्या रियाजाचा आधार असतो. तो काढून घेतला की उरते ते विशेषणांचे पीक. मात्र ऐकण्यावरची त्यांची श्रद्धा बेगडी नव्हती. युद्धानंतरच्या ओसाड देशात ज्याने लोकांना ऐकायला शिकवले, तो म्हातारपणी ऐकण्याचेच तत्त्वज्ञान करू लागला तर त्यात नवल कसले? ४ फेब्रुवारी २००० रोजी हॅम्बुर्गमध्ये आपल्या नव्या पुस्तकाच्या कार्यक्रमाला पायी जात असताना मोटारीची धडक बसून त्यांचे निधन झाले.

शनिवार, बर्लिन

सकाळी ट्रामने वाइसेनझेला गेलो. २० जुलै १९२२ रोजी बेरेंट यांचा जन्म इथे झाला. वडील प्रोटेस्टंट पाद्री होते आणि नाझींच्या चर्चमधील ढवळाढवळीला विरोध करणाऱ्या ‘बेकेनेंडे किर्खे’चे सदस्य होते. १९४२ साली दाखाऊच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. मुलगा त्या काळात सैन्यात भरती झालेला होता. जाझ म्हणजे हुकूमशाहीविरुद्धचा आवाज, हे बेरेंट यांचे आवडते सूत्र अडोर्नोंना भाबडे वाटले असेल, पण ते कुठल्या घरातून आले आहे हे इथल्या शांत रस्त्यांवर हिंडताना ध्यानात येते. जवळच मोठी ज्यू दफनभूमी आहे. शनिवार असल्यामुळे तिचे दार बंद होते.

दुपारी फिलहार्मोनीपाशी आलो. हान्स शारून यांनी बांधलेले हे सभागृह १९६३ साली उघडले. मंच मध्यभागी आणि श्रोते चहूबाजूंनी चढत्या मळ्यांसारखे बसलेले, अशी त्याची रचना. पुढच्याच वर्षी बेरेंट यांनी ‘बर्लिनर जाझटागे’ हा महोत्सव सुरू केला. पहिल्या महोत्सवाच्या पुस्तिकेसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांनी मनोगत लिहिले होते. सप्टेंबर १९६४ मध्ये याच सभागृहात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरसह वाजवले आणि ती मैफल तबकडीवर आली. तेव्हा शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे करणारी बर्लिनची भिंत इथून हाकेच्या अंतरावर होती, आणि वाइसेनझे तिच्या पलीकडे, पूर्व जर्मनीत. महोत्सव चालवणाऱ्या माणसाचे जन्मगाव त्याच शहरात असून परदेशात गेले होते.

पण चार वर्षांतच या महोत्सवाविरुद्ध बंड झाले. १९६८ मध्ये सॅक्सोफोनवादक पीटर ब्रोट्झमान आणि त्यांच्या सोबत्यांनी जाझटागेच्या वेळीच ‘टोटल म्युझिक मीटिंग’ नावाचा समांतर महोत्सव भरवला. सूट घालायला नकार दिल्यामुळे ब्रोट्झमान यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, अशी त्यामागची कथा सांगतात. १९६९ मध्ये या मंडळींनी ‘फ्री म्युझिक प्रोडक्शन’ उभारले, म्हणजे मुद्रण, विक्री आणि आयोजन वादकांच्याच हाती. ज्या माणसाने जाझला बाजारातून काढून फिलहार्मोनीत बसवले, त्याच्याच सभागृहात आता गुदमरल्यासारखे होते, असे तरुणांना वाटले. माझ्या मते दोघांचेही बरोबर होते. सन्मान मिळवून देण्यासाठी बेरेंट यांना सूट, सभागृह आणि पुस्तिका लागत होती. सन्मान एकदा मिळाल्यावर त्या गोष्टी काचू लागणारच.

१९७२ मध्ये बेरेंट यांनी महोत्सवाची धुरा सोडली आणि ती स्विस संगीतकार जॉर्ज ग्रुंट्स यांच्याकडे गेली. महोत्सव आजही दर वर्षी भरतो. ब्रोट्झमान आणि त्यांचे सहकारी पुढे युरोपीय मुक्त जाझचे मोठे नाव ठरले, आणि जाझबुखच्या त्यानंतरच्या आवृत्त्यांत बेरेंट यांनी त्यांच्यावरही लिहिले.